अंतऱ्यातला सूर

"दादा, अंतऱ्यात माझा सूर पडतो का? खरं सांग, तुझ्या कानांवर माझा भरवसा आहे." धाकट्या बहिणीने आपल्या गाण्याच्या कॅसेटसोबत पाठवलेल्या या पत्राला त्याने तीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं. घरच्या जुनाट टेपरेकॉर्डरवर सूर पडल्यासारखा वाटला होता. पण आपल्याच कानांची खात्री नाही, उगाच तिचं मन कशाला मोडा, म्हणून तो गप्प राहिला. ती काय समजायचं ते समजली आणि तिने गाणं सोडलं.

एकदा तरी नीट ऐकावं म्हणून, आपल्या दहा बाय दहाच्या खोलीसाठी भारी स्पीकर निवडायला तो भाचीबरोबर दुकानात आला. दुकानदाराने स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले. "आजोबा, इथे मधोमध बसा. ओळखीचं काहीतरी लावा."

त्याने मोबाइलवर उतरवून आणलेली ती कॅसेट लावली. अंतरा आला. सूर तसूभरही हलला नाही.

"मामा, किती सुरेल गाते ही. कोण आहे?"

"तुझी आई."

"आई? आई गायची?"

 

परतताना पोस्टातल्या टेबलावर त्याने उभ्याउभ्याच कार्ड लिहिलं आणि पेटीत टाकलं: "सूर पडत नव्हता गं. माझा टेपच खराब होता."