वरच्या खिडकीतला माणूस

वरच्या खिडकीत कोणीतरी होतं. घड्याळजीने डाव्या हाताने फोन जवळ ओढला, पुन्हा पाहिलं. होतंच. उजव्या हातातला बारीक चिमटा तसाच बोटांत राहिला आणि समोर उघडून ठेवलेलं घड्याळ तसंच टेबलावर पडून राहिलं.

फोनच्या पडद्याचे हे दोन भाग त्याला नातीने करून दिले होते. "आजोबा, सारखं हे बंद, ते चालू करत बसू नका. वरची खिडकी म्हणजे घरातला कॅमेरा, खालची म्हणजे आजी. घरही दिसेल, आजीही दिसेल." पोरगी मोठी हुशार. उभा जन्म एक डोळा मिटून बारीक चाकं पाहण्यात गेला आणि एका वेळी दोन गोष्टी पाहायची चैन मिळाली ती सत्तरीनंतर.

चैन कसली, गरजच होती. मागे डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवून बराच वेळ समजावलं होतं. शब्द अवघड होते, पण विसरण्याबद्दल काहीतरी आहे एवढं घड्याळजीला कळलं. ऐकता ऐकता बायको ढसाढसा रडली. त्याच दिवशी त्याने ठरवलं, हिला नजरेआड होऊ द्यायचं नाही.

एरवीही नजर द्यायला दुसरं होतं काय? दुकानात हल्ली कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं.

आणि आज ही आफत. त्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत, एक माणूस पाठमोरा बसला होता. तपकिरी स्वेटर, डोक्यावर मोजून चार केस. खुर्ची ओढून असा ऐसपैस बसला होता की जणू बापाचं घर.

खालच्या खिडकीत बायको स्वयंपाकघरात कपबशा पुसत होती. तिचा फोन डब्याला टेकवून ठेवलेला.

"अगं," घड्याळजी कुजबुजला, "बाहेरच्या खोलीत कोण आलंय?"

तिने मान वर केली. "कोण आलंय?"

"मी तुला विचारतोय! दार उघडं टाकलं होतंस ना?"

"नाही हो. आतून कडी आहे."

"मग हा काय आभाळातून पडला?"

तिने एक बशी खाली ठेवली, दुसरी घेतली. तिचं ते संथपण पाहून घड्याळजीने फोन आणखी जवळ ओढला. कशाला घाबरायचं हेही बाई विसरली म्हणजे आता कमालच झाली.

"तुम्ही चहा घेतला का?" तिने विचारलं.

"चहाचं काय घेऊन बसलीस! स्वयंपाकघराचं दार लाव आधी. तपकिरी स्वेटर घातलेला माणूस आहे, चांगला धिप्पाड."

"स्वेटर कुठल्या रंगाचा म्हणालात?"

"तपकिरी! एकच गोष्ट किती वेळा सांगू?"

"कोपराला ठिगळ आहे का?"

घड्याळजीने वाकून पाहिलं. ठिगळ होतं. "तुला कसं माहीत?"

"ओळखते मी त्याला," ती म्हणाली. "चांगला माणूस आहे."

झालं! आता हिला चोरही ओळखीचे वाटायला लागले. उद्या दरोडेखोराला जेवायला वाढेल. घड्याळजीला रडू येईल असं वाटलं. पंचेचाळीस वर्षं संसार केला होता त्याने या बाईबरोबर. तिला काही झालं तर मागे राहून करायचं काय?

पोलिसांना फोन करावा म्हटलं, तर हिचा ठेवायला हवा. ठेवला की खालची खिडकी मिटणार आणि नेमकं तेव्हाच त्या मेल्याने डाव साधला तर? नातीने दोनच खिडक्या शिकवल्या होत्या. तिसरी कुठून आणायची?

तेवढ्यात बायकोच्या हातून कप निसटला. खळ्ळकन आवाज झाला, एकदा नाही, दोनदा. फोनमध्ये हल्ली असं व्हायचं, सगळं दोन-दोनदा ऐकू यायचं. घड्याळजी दचकला. वरचा माणूसही दचकला.

"त्याने ऐकलं!" घड्याळजीचा आवाज चिरकला. "हलू नकोस. अगं, त्याच्या हातात काहीतरी आहे. चमकतंय. टोकदार आहे गं!"

बायकोने फडकं खांद्यावर टाकलं. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. "टोकदार? परत काढलं वाटतं. थांबा, मी बाहेर येते."

"बाहेर येऊ नकोस! तुला माझी शपथ आहे! मी निघतो, दहा मिनिटांत पोचतो!" तो उठायला गेला, पण फोनवरून नजर हटेना.

"तुम्ही कुठेही जाऊ नका. बसा तिथेच. घाबरायचं नाही, मी आहे ना."

आणि खालच्या खिडकीत नुसता फुटका कप उरला.

वरच्या खिडकीत स्वयंपाकघराचं दार उघडलं. ती आली. अनवाणी, खांद्यावर फडकं, हात रिकामे. निदान लाटणं तरी घ्यायचं! "मागे फिर!" घड्याळजी ओरडला. "अगं, मागे फिर!" ती फिरली नाही. सरळ त्या माणसाच्या मागे जाऊन उभी राहिली. घड्याळजीला डोळे मिटून घ्यायचे होते, पण मिटवेनात.

तिने एक हात त्या माणसाच्या खांद्यावर ठेवला. मग वाकून दुसरा हात त्याच्या हातातल्या त्या टोकदार वस्तूकडे नेला.

घड्याळजीच्या बोटांतून चिमटा कोणीतरी अलगद काढून घेतला.