तीन मैदानं, दोन सोमवार

सोमवार दोन उरले होते आणि मैदानं तीन होती. चंद्रभाननं १९७४ सालचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून मांडीवर आडवं धरलं, मग उभं धरलं. तारखा काही हलल्या नाहीत.

"एक मैदान खोडून टाक ना बे," अंगणातल्या बाजेवरून रुपराव म्हणाला. "कामठी खोड. कामठीले काय, सायकलनं कधीबी जाता येते."

"सोमवारीच जाता येते. अन् एक तारखेपासून माहा सोमवार कुठचा?"

खरं दुखणं तेच होतं. वीस वर्षं चंद्रभान नागपुरातल्या एका गोल्फच्या मैदानावर कॅडी होता. साहेबांच्या बॅगा खांद्यावर वाहायच्या, हरवलेले चेंडू शोधायचे, आणि कोणती काठी घ्यावी ते साहेबांचा मान राखून हळूच सुचवायचं. रुपराव आणि देवाजी हे त्याचे दोस्तही तेच करत. सोमवारी मैदान साहेबांना बंद. त्या सकाळी कॅडींनी खेळावं, असा सगळ्याच मैदानांचा रिवाज होता. तिघांत मिळून टाकून दिलेल्या सात काठ्या होत्या आणि त्या ठेवायला पोत्याची शिवलेली एक बॅग. एवढ्या संसारावर चंद्रभान असा खेळायचा की, साहेबांनी पाहिलं असतं तर दोघातिघांनी गोल्फ सोडून कॅरम धरला असता.

आता तो उमरेडच्या कोळसा खाणीत लागणार होता. पगार बांधलेला, सुट्टी मात्र खाणीच्या मर्जीची. असली नोकरी कोणी सोडत नाही, तोही सोडणार नव्हता. पण जाण्याआधी त्याला एक गोष्ट कळायला हवी होती. नागपूरच्या मैदानाचा चढ-उतार त्याला झोपेतही सांगता आला असता. मग आपण खरंच खेळाडू आहोत, की नुसतं इथलं गवत पाठ आहे? ते परक्या मैदानावरच कळलं असतं. म्हणून कामठी, पचमढी आणि जबलपूर.

खर्च त्यानं घासून घासून बसवला होता. पिपरियापर्यंत पॅसेंजर, वर डोंगरात बस, जबलपूरहून परतताना छोट्या लाईनची गाडी. भाकरी घरची, झोपणं धर्मशाळेत. सगळं बसत होतं, सोमवार तेवढे बसत नव्हते.

"पचमढीचा सोमवार झाला का जबलपूरच्या सोमवारले सात दिवस," देवाजी म्हणाला. तो तिघांत वयानं मोठा आणि काळजानं लहान. "सात दिवस खाऊन काय गा? अन् तिथच्यानं सोमवारीबी हाकललं तं?"

देवाजीची भीती खोटी नव्हती. गेल्याच महिन्यात, सोमवारीच, एका साहेबांचे पाहुणे अवचित खेळायला आले होते आणि या तिघांना चौथ्या होलवरून काठ्या गोळा करून बाजूला व्हावं लागलं होतं. चंद्रभानचा चेंडू तेव्हा झेंड्यापासून दोन हातांवर होता. तो तसाच उचलावा लागला. अजूनही तो चेंडू आठवला की त्याचं डोकं तापायचं.

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. परवानगीची तीन पत्रं जाऊन दोन आठवडे झाले होते. ती त्याच्या बायकोनं, मॅट्रिक झालेल्या प्रेमिलानं, लिहिली होती. उत्तर एकाचंही नव्हतं. एवढ्यात पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली आणि दारातून प्रेमिलाच कार्ड घेऊन आत आली.

"पचमढीचं हाये जी." कार्ड इंग्रजीत होतं. तिनं ते आधी मनात वाचलं. "तीन खेळाडूंनी अवश्य यावं म्हणते. कोणत्याबी दिवशी, सकाळी सात वाजता. फी माणशी दोन रुपये."

"खेळाडू?" चंद्रभाननं मान पुढे काढून कार्डाकडं पाहिलं. "मी तुले सांगतलं होतं ना, नागपूरचे तीन कॅडी म्हणून लिहिजो? सोमवारचं लिहिजो?"

"तुमी तिथं बॅगा उचलाले जाऊन राहिले का खेळाले?"

"खेळाले."

"मंग तेच लिहिलं. तिन्ही पत्रांत."

चंद्रभान भांडायच्या तयारीत होता, पण भांडायला जागा सापडेना. बाईनं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. माणशी दोन रुपये मोजले की मंगळवारही आपला होतो आणि बुधवारही, हे वीस वर्षांत तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याच क्षणी फार आनंद झाला.

रुपराव बोटांवर दिवस मोजत सुटला. "बाकीचे दोघंबी हो म्हणतीन. शनिवारी कामठी, बुधवारी पचमढी, शुक्रवारी जबलपूर. एका आठवड्यात होते ना बे सारं!"

"अजून एक विचारलं हाये," प्रेमिला म्हणाली. "कॅडी किती लागतीन?"

रुपराव ठसका लागेपर्यंत हसला. देवाजी घाबरून म्हणाला, "नाही लागत म्हणून लिही वं बाई. आपली बॅग आपण उचलू. कोणाले कळलं तं?"

चंद्रभान हसला नाही. उजव्या खांद्यावर पट्ट्यानं पडलेला घट्टा तो चोळत राहिला.

"बॅग एकच हाये. एक लिही," तो म्हणाला. "अन् त्याची मजुरी पुरी देऊ म्हणाव."

प्रेमिलानं पेनाचं टोपण काढलं. "अन् दिवस जी?"

मांडीवरच्या कॅलेंडरात त्यानं लाल पेन्सिलीनं गोल केलेले दोन सोमवार होते. चंद्रभाननं कॅलेंडर पुन्हा खिळ्याला टांगलं.

"कोणताबी लिही वं," तो म्हणाला. "सोमवार सोडून. सोमवारी त्या कॅडीले सोताले खेळाचं असन."