पियानोच्या खोलीतली हवा

थंडीभर हीटर चालू, त्यामुळे घरातली हवा कोरडी ठणठणीत. अशा हवेत पियानोचे सूर उतरतात, म्हणून पियानो शिकवणाऱ्या सरांनी त्या खोलीत हवेत ओलावा सोडणारं यंत्र बसवून घेतलं होतं. तरीही पियानो पुन्हा बेसूर झाला, तेव्हा त्यांनी वैतागून मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिकनं पाण्याची टाकी पाहिली, फिल्टर काढून झटकला, सेन्सर तपासला.

"यंत्र धडधाकट आहे, सर. हे दार कोणीतरी उघडं ठेवतंय. सगळा ओलावा बाहेर पळतोय."

सर तडक दारात उभ्या असलेल्या आईकडे वळले. "आई, मी क्लासला गेल्यावर तू या खोलीत येतेस?"

आई ओशाळली. "माझ्या खोलीत हीटर लागला की घसा सुकतो रे. खोकून खोकून बरगड्या दुखतात. इथं घटकाभर बसलं की बरं वाटतं. बेल ऐकू यावी म्हणून दार तेवढं किलकिलं ठेवते."

भिंतीपलीकडचा तो खोकला सरांना रोज ऐकू यायचा. सरावात व्यत्यय नको म्हणून ते उठून दार लावून घ्यायचे.

मेकॅनिक मान खाली घालून हत्यारं आवरू लागला. सर तसेच उभे राहिलेले पाहून आईच कसंनुसं हसली.

 

"पियानोला बाधतं हे ठाऊक नव्हतं रे मला. आता नाही बसायची मी इथं."