दोन वेळा अर्धी

“काय काय दिलंत? खरं सांगा, वेळ नाहीये,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

फोरमन वॉर्डातल्या खाटेवर शांत पडले होते. एक श्वास घेऊन झाला की दुसरा घ्यावा की नाही, याचा विचार करत असल्यासारखे. ओठ जांभळे. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कॅन्सर हाडांत उतरल्यापासून दंडावर कडक वेदनाशामकाची पट्टी असायची. त्यांना इथं आणल्या आणल्या बाईंनी ती ओढून काढली होती.

“पट्टी तुमच्याच दवाखान्याची,” धाकटा भाऊ म्हणाला. त्या घरात चूक आधी बाहेरच्याची असे.

“आणखी?”

“झोप लागत नव्हती हो त्याला,” थोरली बहीण म्हणाली. “माझ्यातली झोपेची गोळी दिली. अर्धीच.” मग पदर सावरत, “दोन वेळा अर्धी.”

“म्हणजे अख्खी, ताई.”

“तू गप. त्याच्या तोंडाला तुझ्या बाटलीचा वास येतोय.”

“दोन घोट. औषध म्हणून.”

फोरमनच्या आजारपणावर त्या घरात कधी एकमत झालं नव्हतं. आज झालं होतं, तेही एकमेकांपासून चोरून.

बायको भिंतीला टेकून उभी होती. “मी पट्टीवर शेकत होते,” ती म्हणाली. “गरम पाण्याच्या पिशवीनं. आज त्यांचं कण्हणंच थांबलं. मला वाटलं, देव पावला.”

“शेकलं की पट्टीतलं औषध भसाभस अंगात उतरतं.” बाईंनी सुईत उतारा भरला. “त्यावर गोळी, त्यावर दारू. आता यानं श्वास परत येईल. पण दुखणंही येईल. सगळं, एकदम.”

बहीण रडू लागली. भाऊ स्वतःच्या बोटांची नखं बघू लागला. आजवर नवरा कण्हू लागला की बायको नळ मोठा सोडून धुतलेलीच भांडी पुन्हा घासत बसे.

“द्या,” ती म्हणाली.

सुई टोचली. काहीच झालं नाही. ती त्यांच्या कानाशी वाकली. “अहो, ओरडा ना. एकदाच ओरडा.”

फोरमनची छाती वर आली. पुन्हा आली. मग अख्खा वॉर्ड दणाणला. भाऊ दाराबाहेर पळाला, बहिणीनं कान झाकले.

बायको हसत होती, नाक पुसत होती, दिसेल त्याला ओढून सांगत होती, “दुखतंय! ऐकलंत ना? दुखतंय त्यांना!”