चारशे मिली

डॉक्टरांनी निवृत्त गणिताच्या सरांना दिवसाला एकच लिटर पाणी ठरवून दिलं होतं, आणि बायको ते थेंबभरही चुकू न देता मोजून, भिंतीवरच्या फळ्यावर हिशोब मांडून द्यायची. आज मात्र कुंडीतल्या झाडाचं औषध कालवायला तिला मोजायचं भांडंच सापडेना.

"पाचशेचा जग आहे, तीनशेचा पेला आहे. चारशे मोजायला आणखी काय लागतं?" सर खुर्चीत ताठ बसले.

"ते कसं बुवा?" तिने जग भरला.

"जगातून पेला भर. जगात उरले दोनशे. आता पेला रिकामा कर."

"ओतू कुठे?"

"आण इकडे." सरांनी तो एका दमात संपवला. "आता ते दोनशे पेल्यात घाल. जग पुन्हा भर आणि त्यातून पेला काठोकाठ भर. जगात राहिले चारशे!"

"अगंबाई, खरंच की!"

सरांनी भरलेल्या पेल्याकडे हात नेला.

"हा झाडाला," ती म्हणाली.

मग फळ्यावर तिने त्यांच्या आजच्या पाण्यातले तीनशे वजा केले. अंथरूण आवरताना सरांची उशी उचलली, खालचं मोजायचं भांडं पदराने पुसलं आणि परत तिथेच ठेवलं.