स्वस्तातली चावी

एवढी महागडी गाडी, आणि साहेबांना चावी हवी स्वस्तातली.

“दादा वारला, त्याची चावी त्याच्यासोबतच गेली. दुसरी चावी वहिनी देत नाही,” ड्रायव्हरच्या सीटवर ऐसपैस बसून ते म्हणाले. “तिची बादच करून टाका. गाडी आता माझी.”

माणूस मला आवडला नाही, पण काम ते काम. मी शेजारी बसून मशीन जोडलं आणि गाडीच्या मेमरीतून जुन्या चाव्या पुसल्या. स्क्रीनवर चाव्यांचा आकडा शून्य आला. नवी चावी नोंदवली, आकडा एक झाला.

नव्या चावीचा रिमोट तपासायला मी खाली उतरलो. दार लावताच चारही लॉक खटकन पडले. मी बटण दाबलं. ते उघडले आणि लगेच पुन्हा पडले.

“चेष्टा पुरे,” साहेब काचेआडून म्हणाले.

मी रिमोट बॉनेटवर ठेवला आणि रिकामे हात दाखवले. आत मशीनवर आकडा बदलला. दोन.

या गाडीत ज्याची चावी, त्याच्या मापाने सीट सरकते. साहेबांची सीट पुढे सरकू लागली. पोट स्टिअरिंगला टेकलं.

“तुमचे दादा बुटके होते का?” मी विचारलं.

“नाही,” ते कसेबसे म्हणाले. “माझ्याहून उंच.”

सीट सरकतच राहिली.