आईच्या आधी

रायलीने तापलेल्या दगडांवर ओगराळंभर पाणी ओतलं. दगड चुरचुरले, वाफ छताला लागून खाली उतरली, आणि तिने लेकीकडे पाहिलं.

"सोसतंय ना? नाहीतर उठू या."

"बस गं आई. डॉक्टरने परवानगी दिलीय."

काइसा साउनाच्या, म्हणजे घराच्या वाफेच्या न्हाणीतल्या, वरच्या फळीवर कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच थंडर बे शहरातून तळ्याकाठच्या या घरी आली होती. तिची आत्या आणि वडिलांची आई एकाच कॅन्सरने गेलेल्या. तपासणीत काइसाच्याही रक्तात तीच खोड निघाली, म्हणून दुखणं यायच्या आतच तिने दोन्ही बीजकोश काढून घेतले. इतर बायकांना जे कुरकुरत, हळूहळू येतं, ते तिच्याकडे चौतिसाव्या वर्षी एकाच सकाळी येऊन थडकलं. भूल उतरली तेव्हा पाळी कायमची गेलेली होती.

बाहेर तिचे वडील, वेइक्को, लाकडं फोडत होते. ती आल्यापासून फोडतच होते.

"बाबा माझ्याकडे बघत का नाहीत?"

"आपल्या घराण्यातून पोरीला आलं, म्हणून जीव खातोय स्वतःचा. फोडू दे." रायली खालच्या फळीवर सरकून बसली. "तू मला सांग, कसं असतं ते? डॉक्टरचं नको. तुझं सांग."

काइसाने वळून आईकडे पाहिलं. आजवर सगळ्यांनी 'बरी आहेस ना?' एवढंच विचारलं होतं. त्याला 'हो' शिवाय उत्तर नव्हतं.

"आधी कान तापतात," ती म्हणाली. "मग मान, मग सगळं अंगच पेटतं. मग घाम, आणि लगेच हुडहुडी. शब्दही हरवतात. परवा शास्त्राच्या तासाला थर्मामीटर आठवेना. पोरांसमोर नुसते हातवारे करत होते."

"आणि रडू?"

"येतं ना. दुकानात बटाटे निवडताना आलं."

"बटाट्यांनी काय केलं तुझं?"

"तेच कळत नाहीये!"

दोघी हसल्या. मग काइसाने विचारलं, "तुझं किती दिवस चाललं होतं? तू कधी बोलली नाहीस."

रायलीने पुन्हा ओगराळं भरलं, पण ओतलं नाही.

"माझी अजून गेलेली नाही."

"काय?"

"मधेच चुकते, पण येते. मागच्याच आठवड्यात आली होती."

"आई, तू त्रेपन्न वर्षांची आहेस!"

"माझं वय मला नको सांगूस." रायली दगडांकडे बघत होती. "तू येणार म्हणून बाथरूममधले पॅड उचलले आणि विणकामाच्या टोपलीत लोकरीखाली लपवले. लेकीची गेली आणि आपली चालूच. लाज वाटली गं."

काइसाला हेवा वाटला. खरा, बोचरा हेवा, स्वतःच्या आईचा. तो तिने जिरू दिला.

"लोकरीखाली? लहानपणी मीही पॅड तिथेच लपवायचे, तुझ्यापासून."

"माहीत आहे. त्यावरूनच सुचलं."

"म्हणजे मी तुझ्या पुढे गेले."

"गेलीस ना! म्हणून तर विचारतेय. माझी आई असलं काही बोलण्यापेक्षा जीव देती. मला दुसरं कोण सांगणार? सांग, पुढे काय आहे?"

काइसाने घामेजलेला चेहरा पुसला.

"अजून नीट दिसत नाही. कधी कधी सकाळी एकदम शांत वाटतं, कारण नसताना. आणि मूल होणार नाही, हे अधूनमधून येऊन शेजारी बसतं."

"मग काय करतेस?"

"बसू देते."

रायलीने मान डोलावली, जणू असं काही असेल याचा तिला अंदाज होता. तिने पाणी दगडांवर ओतलं. मग दोघी पंचे गुंडाळून बाहेरच्या पडवीत आल्या. तळं गोठलेलं होतं. दोघींच्या खांद्यांवरून वाफ निघत होती. रायलीची लवकरच विरली आणि तिचे दात वाजायला लागले.

"चल आत."

"थांब. आलं. कान तापले."

"आत्ता? या थंडीत?" रायलीने पुढे होऊन दोन्ही गार तळवे लेकीच्या उघड्या पाठीवर टेकवले. तिचे डोळे विस्फारले. "अगंबाई! अरे वेइक्को, इकडे ये लवकर. हात लावून बघ पोरीला."

"आई!"

"बघू दे गं. फार वेळ टिकत नाही ना?"

"नाही," काइसा म्हणाली, आणि हसू दाबत वडिलांकडे वळली. "बाबा, या लवकर. जाईल."

वेइक्कोने हातमोजे काढले.